आयुष पतंगेचं पहिलं कार्ड

१

गुरुवारी सकाळी दळवी सरांनी अल्बम उघडला, तर नऊ कप्प्यांच्या पानावरचा मधला कप्पा रिकामा होता. त्यांनी पान झटकून पाहिलं, टेबलाखाली वाकून पाहिलं, अल्बमची चाळीसच्या चाळीस पानं उलटली. मग पायात चपला न घालताच ते तीन घरं सोडून राहणाऱ्या सोनाजी खिल्लारेंच्या दारात जाऊन उभे राहिले.

"सोनाजीराव, आयुषचं पहिलं कार्ड गेलं," एवढंच ते म्हणाले आणि ओट्यावर बसले.

व्यंकटराव दळवी कुरुंद्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं खेळाचे शिक्षक होते. शालेय स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आला तेव्हा आसपासच्या शाळांनी तिकडं ढुंकून पाहिलं नाही. दळवी सरांनी मात्र पुस्तकातून नियम पाठ केले, लाकडी दांडके तासून घेतले आणि पोरं तयार केली. पुढं त्यांना या खेळाच्या कार्डांचा नाद लागला. अमेरिकेत खेळाडूंची कार्डं छापतात, एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला माहिती, आणि म्हातारी माणसंही ती जमवतात. तिथल्या अशाच एका म्हाताऱ्याशी सरांची पत्रमैत्री जमली. सर त्याला वापरलेली भारतीय तिकिटं पाठवत, तो सरांना कार्डं पाठवी. तिकिटं सोनाजीच मिळवून देत. ते कुरुंद्याच्या पोस्टात पोस्टमास्तर होते आणि अमेरिकेहून आलेलं प्रत्येक पाकीट आधी त्यांच्या हातात पडे. दोघांची मैत्री त्या पाकिटांवरच वाढली होती.

आयुष पतंगे हा सरांचा सगळ्यात मोठा शोध होता. सिद्धेश्वर धरणावरच्या भोई कुटुंबातलं पोरगं. सरांनी त्याला आठवीत कुरुंद्याच्या शाळेत घातलं, स्वतःच्या घरात ठेवलं, त्याच्या उजव्या हाताचा चेंडू पाहायला परभणी-नांदेडहून माणसं येऊ लागली. सतराव्या वर्षी त्याला अमेरिकेतल्या प्रशिक्षण केंद्रानं बोलावलं. आता तो तिकडच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगखालच्या पायऱ्यांवर खेळत होता. एकेक पायरी चढत वर जायचं, आणि शंभरातला एखादाच टोकाला पोचतो. विसाव्या वर्षी आयुष अर्ध्यावर पोचला होता. सर रोज पहाटे साडेपाचला फोन समोर ठेवून त्याचा सामना आकड्यांमधून बघत. हंगाम संपून चार दिवस झाले होते, तरी त्या सकाळी ते सवयीनं उठले होते. फोनवर काही नव्हतं म्हणून त्यांनी अल्बम उघडला होता.

सोनाजींनी जाऊन अल्बम पाहिला. कडीकोयंडा शाबूत होता. पानावर आयुषची दोन कार्डं शेजारी शेजारी असायची. पहिल्या वर्षाचं साधं होतं, या वर्षीचं चकचकीत होतं आणि त्यावर आयुषची सही होती. साधं गेलं होतं, सहीचं तिथंच होतं.

"हे असंच ठेवता का तुमी?" सोनाजींनी विचारलं.

सरांनी चष्मा पुसला. सहीचं कार्ड कप्प्यात उलटं बसवलेलं होतं. फोटो आत, मागची बाजू बाहेर. सरांनी आयुष्यात कधी कार्ड उलटं ठेवलं नव्हतं.

आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत दोन्ही कार्डं जागेवर होती, याची सरांना खात्री होती. त्या दिवशी घरात तीनच माणसं आली होती. तिघांनाही थोडा थोडा वेळ बैठकीत एकटं बसायला मिळालं होतं, आणि तिघंही आयुषच्या सत्काराच्या कामानंच आली होती.

२

सत्कार घटस्थापनेला ठरला होता, म्हणजे तीन दिवसांवर. पितृपक्षात शुभकार्य नको म्हणून तो पुढं ढकलला होता. आयुष स्वतः येणार नव्हता. त्याच्या आईचा शाल-साडी देऊन मान करायचा आणि अल्बम मंचावर काचेच्या पेटीत ठेवायचा, असं ठरलं होतं. सगळा कार्यक्रम हळदीचे व्यापारी पुनमचंद यांनी अंगावर घेतला होता.

सोनाजी आधी त्यांच्याकडेच गेले. पोस्टात असताना पत्ता नसलेली पत्रं त्यांच्याच टेबलावर येत. अक्षर, शाई, गावाचं अर्धवट नाव यावरून ते माणूस हुडकून काढत. तेव्हापासून गावात काही हरवलं की लोक त्यांच्याकडे येत. ते कोणावर आवाज चढवत नसत. बसत, पाणी मागत आणि समोरच्याला बोलू देत.

पुनमचंद लगेच म्हणाले की ते कार्ड आपण दोनदा मागितलं होतं. दुकानात गादीमागं चौकटीत लावायचं मनात होतं. सरांनी दोन्ही वेळा नाही म्हटलं, तेव्हा राग आला होता हेही त्यांनी कबूल केलं. पण फलकासाठी कार्डाचा फोटो हवा होता, तो त्यांनी आठवड्यापूर्वीच घेतला होता. त्यांनी फोन पुढं केला. टोपीखालचा आयुषचा चेहरा, मागं खेचलेला उजवा हात, सगळं स्वच्छ दिसत होतं. फलक छापून आला होता, शाळेच्या फाटकावर लागलाही होता.

"मागची बाजू घेतली का?" सोनाजींनी विचारलं.

"मागं काय आहे, बारीक इंग्रजी. ती फलकावर कोण वाचणार?"

काल संध्याकाळी ते पाहुण्यांची यादी न्यायला सरांकडे गेले होते. अल्बम टेबलावरच होता, पण त्यांनी तो उघडला नाही. सर आत यादी शोधत असताना त्यांचा फोन वाजला. फोन कानाला लावून सर मागच्या अंगणात गेले ते दहा मिनिटं आले नाहीत. आले तेव्हा यादी आणायचीच विसरले होते.

"मी विचारलं, काही वाईट बातमी आहे का. तर म्हणाले, न्हाई, त्या व्हिडिओवाल्या पोरीचा फोन होता." पुनमचंदांनी आपला फोन खिशात टाकला. "सोनाजीराव, वाईट बातमीला माणूस रडतो. सर घाबरले होते."

३

व्हिडिओवाली पोरगी म्हणजे सृष्टी. वसमतला तिचं स्वतःचं बातम्यांचं चॅनल होतं. एक कॅमेरा, एक स्कूटी आणि ती. सोनाजी बसनं वसमतला गेले तेव्हा ती आयुषवरचा कार्यक्रम जोडत बसली होती. कार्ड हरवल्याचं ऐकून ती कावरीबावरी झाली नाही. आपल्यावर संशय आहे का, असं तिनं सरळ विचारलं. सोनाजी म्हणाले, तिघांवर आहे.

तिनं कालचं सगळं चित्रण दाखवलं. सरांच्या बैठकीत सर आणि आयुषची आई पद्माबाई शेजारी बसले होते. पद्माबाई औंढ्याच्या बाजारात मासे विकायच्या. सुकलेला चेहरा, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. सृष्टीनं पहिलं कार्ड हातात घेऊन कॅमेऱ्यासमोर धरलं, उलटलं आणि मागचं वाचून मराठीत सांगितलं. नाव आयुष पतंगे. उजव्या हातानं चेंडू टाकतो. जन्म पाच ऑगस्ट दोन हजार पाच, हिंगोली, भारत. मग तिनं विचारलं, "मावशी, पाच ऑगस्टला लेकराचा वाढदिवस कसा करायचात?"

पद्माबाईंनी त्या कार्डाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आता कोण करणार त्याचा वाढदिवस."

तेवढ्यात सरांनी कार्ड घेऊन कप्प्यात सरकवलं, अल्बम मिटला आणि चहा घ्या म्हणाले.

"मला वाटलं, मुलगा इतक्या लांब गेला म्हणून त्या तसं म्हणाल्या," सृष्टी म्हणाली.

सोनाजींनी तो तुकडा परत लावायला सांगितला. कार्डाची मागची बाजू कॅमेऱ्यात एवढी ठसठशीत आली होती की अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

त्यानंतर काय झालं तेही तिनं सांगितलं. चित्रण संपल्यावर ती कॅमेऱ्याचा स्टँड विसरली आणि अर्ध्या तासानं परत आली. सर आत भांडी घासत होते. पद्माबाई बसची वेळ होईपर्यंत बैठकीत एकट्याच बसल्या होत्या. तिनं स्टँड उचलला आणि निघाली. तिथून ती सिद्धेश्वरला आयुषची पहिली शाळा टिपायला गेली. तिथल्या गुरुजींनी आयुषच्या खूप आठवणी सांगितल्या. किडकिडीत पोरगं, गणितात हुशार, डावखुरं. डाव्या हातानं लिहितो म्हणून सुरुवातीला ते त्याला छडी मारत, पुढं सोडून दिलं.

"कार्डावर तर उजवा हात आहे. मी संध्याकाळी सरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, गुरुजी म्हातारे झालेत, दुसऱ्याच पोराशी गल्लत करतायत. पण काका, सरांचा आवाज नेहमीसारखा नव्हता."

सोनाजी पाणी न पिताच उठले. ज्या माणसानं चोर शोधायला सांगितलं, त्याच्याच मागं आता सगळ्यात मोठं कारण उभं राहिलं होतं.

४

वसमतच्या स्थानकावर औंढ्याच्या बसला पाऊण तास होता. बाकड्यावर बसून सोनाजींनी एकेकाला मनासमोर उभं केलं.

ज्यानं कार्ड नेलं त्यानं आयुषची दोन्ही कार्डं काढून उलटून पाहिली होती, आणि घाईत एक उलटंच परत घातलं होतं. म्हणजे त्याला मागची बाजू हवी होती. नव्या कार्डाच्या मागं नुसतं आकड्यांचं कोष्टक होतं. जन्मतारीख फक्त जुन्यावर होती. पुनमचंदांना फोटो हवा होता, तो त्यांच्याकडे होता. सृष्टीकडे तर मागची बाजू चित्रणातच होती. राहिले सर. फोन आल्यावर घाबरून त्यांनीच कार्ड लपवलं असेल का? पण कोणत्या कार्डाच्या मागं काय आहे हे सरांना अंधारातही सांगता आलं असतं. त्यांना दुसरं कार्ड उलटून पाहायची गरज नव्हती. आणि लपवायचं असतं तर ते अनवाणी धावत आले नसते.

ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे ओळखता येतात, आणि ज्याच्याजवळ ती तारीख दुसरीकडे कुठं लिहिलेली नसावी, असं माणूस एकच होतं. आईनं लेकाचं कार्ड नेलं तर त्यात नवल नव्हतं. पण तिनं लेकाचा चेहरा सोडून तारीख का न्यावी, हे सोनाजींना कळेना.

सिद्धेश्वरला ते पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. आभाळ भरून आलं होतं आणि जलाशयाचं पाणी शिशासारखं दिसत होतं. पद्माबाईंच्या दाराला कडी होती. शेजारच्या ओसरीत नानीबाई नावाची म्हातारी जाळं विणत बसली होती. पद्मा पाण्यावर गेली, येईल, असं ती म्हणाली. मग तिनं आवाज खाली घेतला.

"आज पित्र घातलं तिनं. पान घेऊन सकाळच्यापारी गेली, कावळा शिवंना म्हणून बसून राहिली आसंल."

"नवऱ्याचं का?"

"नवऱ्याचं पंचमीला झालं की. आज तेरस हाय. तेरसीला लेकरायचं घालतेत."

सोनाजींच्या घरात पित्र घालत नसत. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हाच ते सुटलं होतं. त्यामुळं कोणत्या तिथीला कोणाचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, पद्माबाईंचं कोणतं लेकरू गेलं.

नानीबाईनं सुतळी दातानं तोडली. पद्माला दोन लेकरं, असं तिनं सांगितलं. थोरला मुन्ना, धाकटा आयुष, तीन वर्षांचं अंतर. मुन्नाची शाळा चौथीतच सुटली, बाप गेल्यावर जाळं तोच टाकायचा. त्यानं फेकलेला दगड पार मधल्या खडकावर पडायचा. आठ वर्षांमागं उन्हाळ्यात तिघं मायलेकरं येलदरी धरणावर मासेमारीला गेली. परत आली ती पद्मा एकटीच. म्हणाली, आयुषला कुरुंद्याच्या सरांनी शाळेत घातलं आणि मुन्ना पुण्याला कामाला गेला.

"तो मुन्ना काही परत आला न्हाई. आयुष अमेरिकेत गेला, मोठा झाला. आज तिनं तेरसीला पान काढलं तवा मी समजले. मुन्ना कुठंतरी गेला आसंल बिचारा, आन् ती कुनाला बोलंना."

सोनाजी त्या मधल्या खडकाकडे बघत राहिले. धाकटा डावखुरा होता. कार्डावरचा पोरगा उजव्या हातानं फेकत होता.

"नानीबाई," ते हळूच म्हणाले, "मुन्ना न्हाई गेला."

५

पद्माबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामी पत्रावळ होती. सोनाजींना पाहून त्या थबकल्या, पण पळाल्या नाहीत. त्यांनी कडी काढली आणि आत या म्हणाल्या.

घर एका खोलीचं होतं. देवाच्या फळीवर हळदकुंकू वाहिलेलं कार्ड उभं केलं होतं. फोटो भिंतीकडे होता. बाहेर दिसत होती ती बारीक इंग्रजी अक्षरांची बाजू.

"मी चोरी न्हाई केली, भाऊ," त्या म्हणाल्या. "उद्या नेऊन ठिवणार व्हते. सर आजच बघतेल असं मला वाटलं न्हाई."

सोनाजी खाली सतरंजीवर बसले. ते म्हणाले, कार्डाचं राहू द्या. येलदरीला काय झालं ते सांगा.

पद्माबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्या रडल्या नाहीत. येलदरीला जाळं खाली अडकलं म्हणून आयुष पाण्यात उतरला. बारावं चालू होतं त्याला. तो वर आला तो दुसऱ्या दिवशी. तिथंच काठावर त्याला अग्नी दिला, ना पोलीस ना कागद. पंधरा दिवसांनी दळवी सर आले. कुठल्याशा स्पर्धेसाठी पोरं नेताना त्यांनी मुन्नाला दगड फेकताना कधीतरी पाहिलं होतं, तेव्हापासून ते त्याला शोधत होते. मुन्ना पंधरा पूर्ण होता, शाळेत नाव नाही, जन्माचा कागद नाही. आयुषचं मात्र सगळं होतं, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, सगळं.

"सर म्हणले, एक गेला तो काही येत न्हाई. दुसऱ्याचं तरी सोनं होऊ द्या. एका स्पर्धेपुरतं नाव लावतो म्हणले. मी हो म्हणले. मला वाटलं, मुन्ना तरी पाण्यातून सुटंल."

एका स्पर्धेची दुसरी झाली, दुसरीची तिसरी. मग पारपत्र झालं. सर म्हणाले, आता मुन्ना हे नाव तोंडातून काढू नका. पोरगं सिद्धेश्वरला आणू नका, शेजारी ओळखतील. आणि पित्र घालू नका, कोणाचं म्हणून लोक विचारतील.

"आयुषचे सगळे कागद सरांनी नेले. फोटो तर कंदी काढलाच न्हाई. आठ वर्षं, भाऊ, माझं लेकरू मेलं हे मला कुनालाच सांगता आलं न्हाई. जो तो म्हणतो, आयुष लई मोठा झाला, तुमी नशीबवान." त्यांनी फळीकडे पाहिलं. "काल त्या पोरीनं त्याची तारीख वाचली. पाच आगस्ट. आठ वर्षांत पयल्यांदा कुनाच्या तोंडून ऐकली. तवा मला कळलं की ह्याच्या मागं माझं लेकरू हाय. म्होरं मुन्ना, मागं आयुष. म्हटलं, एक दिवस ठिवावं पानाम्होरं."

"कावळा शिवला का?"

त्यांनी मान हलवली. शिवला नव्हता. शेवटी त्यांनी पानावरचं अन्न पाण्यात सोडून दिलं.

सोनाजींनी कार्ड मागितलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, मुन्नाला हे सगळं कसं वाटतं. पद्माबाई म्हणाल्या, महिन्यातून एकदा तो फोन करतो आणि दोघं जेवणाखाण्याचं बोलतात. त्यांच्यात आयुषचं नाव निघत नाही. निघालं तर नेमकं कोणाचं, हेच दोघांना समजत नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी सरांकडे गेले. सरांनी विचारलं, "सापडला चोर?"

"सापडला," सोनाजी म्हणाले. "सर, कार्ड एका दिवसासाठी गेलं होतं. आठ वर्षांमागं जे गेलं ते तुमी नेलं."

सरांनी वाद घातला नाही. ते खुर्चीत मागं रेलले आणि फार म्हातारे दिसू लागले. तसा हात आपण आयुष्यात पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. अठ्ठावीस वर्षं आपण पोरं घडवली आणि ती सगळी शेतावर नाहीतर दुकानात गेली. हा एकच वर जाणार होता. त्याच्याकडे नव्हतं ते फक्त वय आणि कागद, आणि तेही त्याच्याच घरात कोणाच्याही उपयोगाचे न राहता पडून होते.

"मी त्या बाईचं काही हिरावलं असं मला वाटलंच नाही," ते म्हणाले. "मेलेल्या पोराला नाव कशाला लागतं, असं वाटलं."

"तिला लागत होतं."

सरांनी डोळे मिटले. तीन वर्षांचा फरक किती मोठा असतो हे सोनाजींना माहीत नव्हतं, ते सरांनी सांगितलं. विसाव्या वर्षी त्या पायरीवर असलेल्या पोराकडे सगळ्यांच्या नजरा असतात, तेविसाव्या वर्षी त्याला कोणी ओळखत नाही. खरं बाहेर आलं की त्याचा खेळ संपला. पुढं काय करायचं, असं त्यांनी सोनाजींना विचारलं.

सोनाजी म्हणाले, ते मी सांगणार नाही. तुमीही ठरवू नका. आजवर सगळं तुमीच ठरवलं. ज्याचा खेळ आहे त्याला विचारा.

सरांनी तिथंच फोन लावला. तिकडे रात्रीचं जेवण चाललं होतं. सरांनी पहिल्यांदा त्याला मुन्ना म्हणून हाक मारली, तेव्हा पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला. मग सरांनी तेरसीचं सांगितलं, पद्माबाईंनी कार्ड का नेलं तेही सांगितलं. पलीकडून आलेला आवाज सोनाजींनाही ऐकू गेला.

"सर, मैदानावर माझं नाव पुकारतेत ना, तवा दर टायमाला मला वाटतं, तो येऊन राहिला. मी फेकतो आन् टाळ्या त्याला पडतेत. आईनं एकटीनं पान काढलं व्हय?"

"व्हय."

"मी इथं सांगून टाकतो," मुन्ना म्हणाला. सरांनी एक दिवस विचार कर म्हटलं. तो म्हणाला, आठ वर्षं विचारच केला.

७

सत्कार झाला नाही. दळवी सरांनी पुनमचंदांना स्वतः जाऊन कारण सांगितलं. पुनमचंदांनी त्याच संध्याकाळी फलक उतरवून घेतला. सृष्टीला सरांनी घरी बोलावून कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं, आणि मुन्नाचं त्याच्या संघाशी बोलणं होईपर्यंत थांबायची विनंती केली. ती थांबली. पुढं तिचा तो कार्यक्रम लाखो लोकांनी पाहिला. काहींनी सरांना चोर म्हटलं, काहींनी पोराला, आणि काहींनी त्या आईला. तिला का, हे सोनाजींना शेवटपर्यंत कळलं नाही.

संघानं मुन्नाला सोडलं. तो दिवाळीनंतर परत आला. औंढ्याच्या स्थानकावर पद्माबाई त्याला घ्यायला गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी भर गर्दीत त्याला त्याच्या नावानं हाक मारली.

आयुषच्या मृत्यूची नोंद करायची असं मायलेकरांनी ठरवलं. इतक्या उशिराच्या नोंदीला तहसील कार्यालयाचा हुकूम लागतो, आणि साक्षीदार लागतात. सोनाजींनी अर्ज लिहून दिला. साक्षीला कोण, हा प्रश्न होता. येलदरीचे लोक पांगले होते. महिन्याच्या आत ज्याला कळलं होतं असा एकच माणूस उरला होता.

दळवी सर त्या दिवशी एकटेच बसनं औंढ्याला आले. मुन्नानं त्यांच्या पायाला हात लावला नाही, पण बसायला जागा दिली. पद्माबाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं नाही.

अधिकारी तरुण होते, घाईत होते. त्यांनी अर्ज वाचला, आईचा अंगठा बघितला आणि नेहमीच्या सुरात विचारलं, "आठ वर्षं नोंद का केली नाही?"

सोनाजींनी अर्जात लिहिलं होतं, अज्ञानामुळे. तसंच लिहितात. पद्माबाई तेच सांगणार होत्या. पण सर उठून उभे राहिले.

"अज्ञान खोटं आहे, साहेब," ते म्हणाले. "मी करू दिली नाही. माझं नाव लिहा."

अधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. याचा अर्थ काय होतो हे तुम्हाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, आहे. मग त्यांनी सगळा जबाब दिला आणि प्रत्येक पानावर सही केली. त्याला तासभर लागला. पुढं चौकशी होईल, असं त्यांना सांगण्यात आलं. ते हो म्हणाले आणि कोणाचा निरोप न घेता स्थानकाकडे चालू लागले. थोडं अंतर ठेवून मुन्ना त्यांच्या मागं गेला. म्हातारा माणूस, उन्हात एकटा नको, एवढंच तो सोनाजींना म्हणाला.

पद्माबाई कार्यालयाच्या पायऱ्या उतरून आवारातल्या लिंबाखाली बसल्या. आधी त्या नुसत्या बसून होत्या. मग त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि त्या रडू लागल्या, मोठ्यानं, नाव घेऊन, जशी बाई मयताच्या दारात रडते तशी. आवारातले लोक वळून बघू लागले. दाखला काढायला आलेली एक अनोळखी म्हातारी जवळ आली आणि सोनाजींना विचारू लागली, काहून रडून राहिली.

"तिचं लेकरू गेलं," सोनाजी म्हणाले.

"कवा?"

"आठ वर्षं झाली."

हातातला कागद कमरेला खोचून ती म्हातारी पद्माबाईंच्या शेजारी मातीत बसली आणि तिनं त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.